होळीआधीची परसबाग : डोंगरातील घरांसाठी एक धडा





या तिमाहीच्या अभ्यासासाठी मी परसबागेचा विषय घेतला आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा जानेवारी चालू असेल, आणि डोंगरातल्या परसबागेची तयारी याच दिवसांत करायची असते. मी ज्या भागात काम करते तो मेळघाट, म्हणजे अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके. येथे बहुसंख्येने कोरकू बांधव राहतात. तरी या धड्यातील बहुतेक गोष्टी सातपुड्यात तोरणमाळला, सह्याद्रीत अकोल्याच्या डोंगरात, किंवा आपल्यापैकी कोणी थंड हवेच्या गावी राहत असेल तर तेथेही उपयोगी पडतील.

१. हिरव्या भाजीचे रिकामे महिने

मेळघाटातील बालकांच्या कुपोषणाविषयी आपण वर्तमानपत्रांत पुष्कळ वाचले आहे. त्याची कारणे अनेक आहेत आणि एका वाफ्याने ती सगळी मिटणार नाहीत. पण ताटाकडे पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. पावसाळ्यात रानात तरोटा आणि इतर रानभाज्या फुकट मिळतात. हिवाळ्यात विहिरीजवळच्या शेतात मेथी, पालक, मुळा, वांगी असतात. मार्च उजाडला की हे सारे संपते. एप्रिल, मे आणि अर्धा जून ताटात भाकरी, पातळ वरण किंवा चटणी एवढेच उरते. आठवडी बाजारात भाजी असते, पण बाजार लांब असतो, उन्हाळ्यात भाव चढलेले असतात आणि हातात रोकड कमी असते.

नेमक्या याच दिवसांत गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि नुकत्याच भात-वरण खाऊ लागलेल्या बाळाला हिरवी भाजी हवी असते. ती एप्रिलमध्ये हवी असेल तर बी फेब्रुवारीत मातीत पडले पाहिजे. भूक लागल्यावर पेरून ती भूक भागत नाही. म्हणून या धड्याला मी 'होळीआधीची परसबाग' म्हटले आहे.

२. डोंगराचे वेळापत्रक वेगळे

पायथ्याच्या परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढून जाताना आपण सुमारे ७०० मीटर वर जातो. दर १००० मीटर उंचीला हवा साधारण ६ अंशांनी थंड होते. म्हणजे या एका घाटात चार-साडेचार अंशांचा फरक पडतो. खाली जे बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठवड्यात उगवते, तेच वर पठारावर थंड मातीत पंधरा दिवस पडून राहते आणि पुष्कळदा कुजते. बी वाईट होते असे आपण म्हणतो, पण माती थंड होती हे खरे कारण असते.

दुसरी गोष्ट अशी की थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली घसरते आणि खोलगट जागेत साचते. त्यामुळे एकाच गावात नाल्याकाठच्या घरी पहाटे दहिवर पडून कोवळी रोपे करपतात, आणि थोड्या उंचावरच्या घरी काही होत नाही. परसबागेची जागा निवडताना हे आधी पाहावे. नाल्याकाठची माती चांगली असली तरी भेंडी, काकडी, भोपळा तेथे घाईने लावू नये.

तिसरी गोष्ट दिशेची. दक्षिणेकडे उतरलेल्या जमिनीवर हिवाळ्याचे ऊन सरळ पडते, म्हणून ती लवकर तापते. पण हीच जमीन एप्रिलमध्ये आधी वाळते. घराच्या पूर्वेची जागा मला सर्वांत सोयीची वाटते. सकाळचे ऊन मिळते आणि दुपारनंतर भिंतीची सावली येते.

चौथी गोष्ट मातीच्या खोलीची. गाविलगडच्या या रांगा काळ्या पाषाणाच्या आहेत. पाऊस भरपूर पडतो, पण उतारावर मातीचा थर पातळ असल्यामुळे पाणी वाहून जाते. येथे मला नेहमी पेरणाऱ्याचा दाखला आठवतो (मार्क, अध्याय ४). खडकाळ जमिनीवरचे बी लवकर उगवते आणि लवकर करपते, हे शेतीच्या दृष्टीने अगदी अचूक निरीक्षण आहे. पातळ माती उन्हाने लवकर तापते म्हणून अंकुर घाईने वर येतो, पण मुळांना खाली जायला जागा नसते. प्रभूचे ऐकणारे लोकही डोंगराळ मुलखातलेच होते, त्यांना हे समजावून सांगावे लागले नसेल. आपण एवढेच करावे : दगड वेचून त्यांचाच फूटभर उंच कठडा रचावा आणि आत माती व कुजलेले शेणखत भरून वाफा उंच करावा. ताजे शेण घालू नये. ते मुळाशी तापते आणि वाळवीला बोलावते.

३. जेवढे सांडपाणी तेवढीच बाग

या धड्यातील मुख्य गोष्ट हीच आहे. डोंगरात परसबाग उगवायची थांबत नाही, ती एप्रिलमध्ये पाण्यावाचून मरते. फेब्रुवारीत झऱ्याला पाणी असते, उत्साह असतो, बी हातात असते, म्हणून लोक मोठी बाग करतात. दोन महिन्यांनी त्याच झऱ्यावर रांग लागते आणि डोक्यावरून आणलेला हंडा झाडाला घालायचे कोणत्याच बाईला परवडत नाही.

म्हणून बाग आखण्याआधी सांडपाणी मोजावे. तीन दिवस भांडी, तांदूळ, भाजी धुतलेले पाणी एका बादलीत साठवावे आणि रोज किती होते ते पाहावे. एक चौरस मीटर वाफ्याला, म्हणजे साधारण तीन फूट रुंद आणि साडेतीन फूट लांब जागेला, एप्रिलच्या उन्हात रोज ५ ते ६ लिटर पाणी लागते. घरात रोज २० ते २५ लिटर सांडपाणी निघत असेल तर असे चार वाफे पुरे. १२ लिटर निघत असेल तर दोनच करावेत.

एका वस्तीतील आजींनी हे मला फार थोडक्या शब्दांत सांगितले. त्यांचा मुलगा आणि सून संक्रांतीनंतर वीटभट्टीवर कामाला गेले होते, ते होळीला परतणार होते. घरात आजी आणि दोन नातवंडे. मी परसबागेचे बोलताच त्या म्हणाल्या, "ताई, मी दोन हंडे आणते. त्यात लेकरं जगवू की झाडं?" हा प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही तीन दिवस बादली ठेवली. सुमारे बारा लिटर पाणी रोज अंगणात फेकले जात होते. आजींनी दोनच वाफे केले, एकात माठ, दुसऱ्यात चवळी, आणि न्हाणीच्या दगडापाशी दोडक्याचा एक वेल. पाणी घालायचे काम तिसरीतल्या नातवाने घेतले. होळीला सून घरी आली तेव्हा माठाची पहिली कापणी होत होती. मे महिन्यात मी गेले तेव्हा छपरावर दोडके लोंबत होते. आजींचे दोन हंडे घरच्या लोकांनाच पुरले.

पाण्याबद्दल आणखी तीन सूचना :

- कपडे धुतलेले साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये. अंघोळीचे पाणी शेवगा, पपई किंवा केळीच्या आळ्यात सोडावे. राखेने भांडी घासत असाल तर पहिले दाट राखेचे पाणी बाजूला टाकावे, खळबळलेले पाणी वापरावे.
- पाणी सूर्य मावळताना घालावे. फेब्रुवारीत मात्र थंडी असेपर्यंत सकाळी घालावे, कारण संध्याकाळचे पाणी माती आणखी गार करते.
- जुने मातीचे मडके गळ्यापर्यंत वाफ्यात पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे आणि भोवती चार बिया लावाव्या. मडक्यातून पाणी झिरपत मुळांपर्यंत जाते. काकडी, कारले, दोडका यांना ही पद्धत उत्तम मानवते. मडके भाजलेले पण बिनरंगाचे असावे, रंग लावलेल्या मडक्यातून पाणी झिरपत नाही.

४. केव्हा काय लावावे

जानेवारीचा शेवटचा आठवडा : वाफे, कठडा आणि कुंपण तयार करावे. मिरची, वांगी, टोमॅटो यांचे बी फुटक्या घमेल्यात किंवा टोपलीत टाकावे. ही टोपली दिवसा उन्हात भिंतीला टेकवून ठेवावी, रात्री घरात घ्यावी किंवा वर पोते टाकावे. रोपे लावण्याजोगी व्हायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा : पठारावर अजून एकदा मेथी, मुळा आणि कोथिंबीर, म्हणजे आपला वऱ्हाडी सांबार, घेता येतो. या भाज्या थंड मातीतही उगवतात. मात्र मार्चचे ऊन लागताच त्या फुलावर येतात, म्हणून त्या लवकर खाऊन संपवायच्या. खालच्या गावांत हा वेळ गेलेला असतो.

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला आठवडा : हा खरा पेरणीचा काळ. माठ, तांदुळजा, चवळी, गवार, भेंडी, काकडी, दोडका, कारले, दुधी. या सर्वांना उबदार माती लागते. तारीख पाहण्यापेक्षा खूण पाहावी. सकाळी नऊच्या सुमारास दोन बोटे मातीत खुपसावी. आत बोटांना गारवा झोंबत असेल तर आठवडाभर थांबावे. भोवतालचा पळस फुलू लागला की मी पेरायला सांगते. खालच्या गावांत हे आधी घडते, पठारावर नंतर. म्हणून सर्व गावांत एकाच दिवशी बी वाटणे मी बंद केले आहे.

भेंडीचे बी रात्रभर भिजवून लावावे. कारल्याचे कवच कठीण असते, ते पूर्ण एक दिवस भिजवावे. माठाचे बी फार बारीक असते, ते वाळूत मिसळून टाकावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. सगळा वाफा एकदम पेरू नये. अर्धा आज, अर्धा पंधरा दिवसांनी, म्हणजे भाजी एकदम येऊन वाया जात नाही.

किती दिवसांत काय मिळते, हेही लक्षात ठेवावे. माठ २५ ते ३० दिवसांत कापायला येतो, आणि चार बोटे ठेवून कापला तर पुन्हा फुटतो. भेंडी आणि काकडी ४५ ते ५० दिवसांत. चवळी, गवार, दोडका, कारले साधारण ५० ते ६० दिवसांत. म्हणजे फेब्रुवारीअखेर पेरले तर एप्रिलच्या मध्यापासून ताटात फळभाजी येते.

शेवग्याचे एक तरी झाड प्रत्येक घरी असावे. मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी न्हाणीच्या पाण्यावर लावावी. दहिवराने कोवळा शेवगा जळतो, म्हणून थंडी पूर्ण गेल्यावरच लावावा. शेंगांची वाट पाहायची गरज नाही, त्याचा पाला हीच उत्तम भाजी आहे.

५. कुंपण, पाचोळा आणि मांडव

रब्बी निघाली की गावात जनावरे मोकळी सोडतात. आसपास सगळे वाळलेले असताना एक हिरवा वाफा शेळीला लांबून दिसतो. एका सकाळी महिन्याची मेहनत संपते. म्हणून बी पेरण्याआधी कुंपण झाले पाहिजे. बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या बाहेरून रचाव्या, आतून बांबूच्या कामट्यांचा कुड करावा. तार विकत आणायची गरज नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पाने गळतात. अंगणातली ही पाने जाळण्याऐवजी चुरडून वाफ्यावर दोन-तीन बोटे जाड पसरावी. ओल टिकते आणि पाणी कमी लागते. रोप वीतभर उंच झाल्यावरच पसरावी, आणि खोडापासून चार बोटे दूर ठेवावी, नाहीतर वाळवी खोडाला लागते.

दोडका किंवा कारल्याचा वेल वाफ्यावरच्या मांडवावर चढवला तर एप्रिलच्या उन्हात त्याचीच सावली खालच्या माठाला मिळते. ज्या वेली छपरावर चढतात त्यांना जागा फक्त आळ्यापुरती लागते. लहान अंगणात हे मोठेच सुख आहे.

६. बी कुठले आणावे

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे डोंगरातले गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजातील भगिनीने गावरान भाज्यांचे आणि धान्यांचे वाण घरात जपले. त्यांना लोक बीजमाता म्हणतात, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातून आपण शिकण्याजोगी गोष्ट अशी की डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या बियाला तेथील थंडी, ऊन आणि पातळ माती माहीत असते.

म्हणून माझा पहिला आग्रह गावातल्याच बियांचा असतो. कोणाच्या छपरावर जुना भोपळा चढतो, कोणाच्या बांधावर चवळी येते, हे विचारावे. पहिले चांगले फळ खायला न तोडता वेलीवर पूर्ण पिकू द्यावे. बी सावलीत वाळवून, कोरड्या राखेत मिसळून गाडग्यात ठेवावे. पेरण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवावे. सात किंवा अधिक उगवले तर बी चांगले. चार-पाचच उगवले तर दुप्पट टाकावे. काहीच उगवले नाही तर निदान वाफा आणि महिना वाया जात नाही.

७. वाफ्यातून ताटात

भाजी पिकली आणि बाजारात गेली, किंवा फक्त कर्त्या माणसाच्या ताटात गेली, तर आपला हेतू साधला नाही. म्हणून पेरणीच्या वेळीच घरच्या सर्वांशी बोलावे.

हिरव्या पाल्यातून मिळणारे अ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडे तेल लागते. पाल्यातील लोह अंगी लागायला लिंबू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो मदत करतो, तर जेवणाबरोबरचा चहा अडथळा करतो. पाला चिरण्याआधी धुवावा, नंतर नव्हे, आणि शिजवलेले पाणी फेकू नये. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आईच्या दुधाबरोबर खिचडीत किंवा वरणात माठाचा, शेवग्याचा शिजवलेला पाला कुस्करून द्यावा.

येथे एक सावधानता आवश्यक आहे. ज्या बालकाचे वजन फारच कमी आहे, पायावर सूज आहे किंवा जे खातच नाही, त्याला परसबागेच्या भरवशावर ठेवू नये. त्याला ताबडतोब अंगणवाडीताई आणि आरोग्य केंद्राकडे न्यावे. भाजीने डाळ, अंडे आणि तेल यांची जागा भरून निघत नाही. आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. आपल्या ओळखीच्या प्रत्येक आईला ते जेवण मिळते ना, हे विचारणे हाही या धड्याचाच भाग आहे.

८. आपण दूर राहून काय करावे

मागे एका शहरातील मंडळीने मोठ्या प्रेमाने बियांची पाकिटे पाठवली. कोबी, फुलकोबी, बीट, गाजर. ती फेब्रुवारीच्या अखेरीस पोहोचली. ही सारी थंडीची पिके, उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा उपयोग नव्हता, म्हणून ती पुढच्या हिवाळ्यासाठी जपून ठेवली. प्रेम वाया गेले नाही, पण त्या वर्षीच्या एप्रिलला त्याची मदत झाली नाही.

म्हणून विनंती करते की उन्हाळी बी द्यायचे असेल तर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत गावात पोहोचावे. पाठवण्याआधी काय हवे ते गावातल्या बायकांना विचारून घ्यावे. बियांपेक्षा पुष्कळदा दोन मडकी, एक झारी आणि कुंपणाला मदतीचे दोन हात अधिक उपयोगी पडतात. आणि जमल्यास आपणही आपल्या घरी या महिन्यात एक वाफा किंवा चार कुंड्या फक्त सांडपाण्यावर चालवून पाहाव्यात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती बादली उचलताना डोंगरातल्या भगिनीसाठी आपली प्रार्थना अधिक नेमकी होईल.

मंडळीत किंवा महिला सभेत चर्चेसाठी

१. आपल्या घरी रोज किती सांडपाणी वाया जाते? तीन दिवस मोजून पुढच्या सभेत आकडा सांगा.

२. आपल्या गावात हिरव्या भाजीचे रिकामे महिने कोणते? त्यासाठी पेरणी केव्हा व्हायला हवी?

३. मार्कच्या चौथ्या अध्यायातील चार प्रकारच्या जमिनी आपल्या परिसरात कोठे दिसतात? त्यातील खडकाळ जमीन सुधारायला काय करावे लागेल?

४. घरातील कर्ती माणसे बाहेरगावी कामाला गेली तर मागे राहिलेली वृद्ध माणसे आणि मुले किती बाग सांभाळू शकतील?

५. आपण आजवर पाठवलेली एखादी मदत योग्य वेळी पोहोचली का? पुढच्या वेळी कोणाला आधी विचारावे?